लोणारवरचा गोरज

अंतर आणि काळ या मानवाच्या पायांतल्या दोन आदिम बेड्या होत, आणि त्यांतली एक आज कायमची तुटली आहे.

हे वाक्य पुणे–नागपूर अतिवेग विमानसेवेच्या उद्घाटनाच्या भाषणातलं. भाषण पाऊण तास चाललं. विमान पंधरा मिनिटांत नागपूरला पोचलं, आणि आतले निमंत्रित, हार घेऊन येणाऱ्या मंडळींची वाट पाहत तासभर धावपट्टीवर पट्टा बांधून बसून राहिले.

विमानाचं सरकारी नाव ‘वायुशर’ होतं. ते सरकारखेरीज कोणी वापरलं नाही. विमानाच्या निम्म्या लांबीचं नुसतं नाकच होतं, म्हणून लोकांनी पहिल्याच आठवड्यात त्याला ‘बगळा’ म्हणायला सुरुवात केली. मग कंपनीनेही तिकिटावर बगळा छापला आणि ती कल्पना आपलीच असल्याचं जाहीर केलं.

त्या नाकात सगळी करामत होती. आवाजापेक्षा जोरात विमान पळवणं माणसाला पूर्वीच जमलं होतं. जमत नव्हतं ते वस्तीवरून पळवणं. उडताना विमान हवेत दाबाच्या लाटा उठवतं. ते त्या लाटांच्याही पुढे पळालं, की लाटा एकमेकींवर चढून गोळा होतात आणि जमिनीवर तोफ डागल्यासारखा धडाका होतो. रोज डोक्यावर असे धडाके झाले असते, तर वाटेतल्या जिल्ह्यांतल्या काचा आणि आमदार दोन्ही फुटले असते. बगळ्याच्या लांब चोचीने या लाटांना एकमेकींपासून दूर ठेवलं. त्या आता एकामागून एक, रांगेने खाली येत. सार्वजनिक जीवनात रांग पाळल्याचं आपल्याकडचं हे पहिलंच उदाहरण. खाली शेतात उभ्या माणसाला शेजाऱ्याने गाडीचं दार लावावं एवढाच आवाज येई, आणि शेजाऱ्याने नवी गाडी घेतली की काय, या चिंतेने तो वर बघे.

पुणे आणि नागपूर या दोन विमानतळांतलं हवाई अंतर सहाशे किलोमीटर. ते पंधरा मिनिटांवर आल्यावर दोन शहरं जवळ येतील, नातीगोती घट्ट होतील, असं तज्ज्ञांचं मत होतं. प्रत्यक्षात वेगळाच नियम सिद्ध झाला: प्रवासाचा जेवढा वेळ वाचतो, त्याच्या दुपटीने माणूस उशिरा निघतो. आणि कधीही जाता येतं अशा ठिकाणी तो कधीच जात नाही.

पुष्कर पिंपळखुटे हे या नियमाचं चालतंबोलतं उदाहरण. जन्म नागपूरचा, नोकरी आणि संसार पुण्यात. विमा कंपनीत तो वरिष्ठ अधिकारी होता. लोकांच्या आयुष्यातले धोके आधी ओळखण्याचा त्याला पगार मिळे. नागपूरला त्याची मोठी बहीण, शर्वरी हरकरे. रात्रभर रेल्वेत अंग आंबवून जायचे दिवस होते तेव्हा पुष्कर दरवर्षी दिवाळीच्या आधी दोन दिवस तिच्याकडे हजर असे. कंदील बांधायचा, चकल्या पाडायच्या, आणि भाची मृण्मयी हिच्याबरोबर फटाके उडवून केस जाळून घ्यायचे, हा त्याचा ठरलेला कार्यक्रम. बगळा सुरू झाल्यावर तीन दिवाळ्या गेल्या. “येतो गं, पंधरा मिनिटांचं तर काम,” असं तो तिन्ही वेळा म्हणाला होता. भाऊबीज व्हिडिओवर झाली.

आता मृण्मयीचं लग्न होतं. नवरा मुलगा ऋत्विज लिमये, पुण्याचा, खगोलशास्त्रज्ञ. जानेवारीत तो चिलीच्या वाळवंटातल्या वेधशाळेत दोन वर्षांसाठी निघाला होता, आणि बायको म्हणून मृण्मयी त्याच्याबरोबर. लग्न डिसेंबरात, नागपूरला वर्धा रोडवरच्या एका लॉनवर, गोरज मुहूर्तावर. मुहूर्ताचा आग्रह मुलाच्या आईचा. डॉ. वैदेही लिमये यांनी तीस वर्षं महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं होतं.

“आम्ही मानत नाही हो,” त्या बैठकीत म्हणाल्या होत्या. “पण उगाच आपलं कशाला?”

या वाक्याला जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत उत्तर नाही.

अडचण अशी, की दुसऱ्या दिवसापासून शुक्राचा अस्त, मग धनुर्मास, आणि पाठोपाठ सिंहस्थ. हा गोरज हुकला तर पुढचा मुहूर्त एकदम पुढच्या हिवाळ्यात. तोपर्यंत नवरा चिलीत आणि नवरी वर्धा रोडवर.

शर्वरीने पत्रिकेत घड्याळाची वेळ छापलीच नव्हती. वेळ छापली की लोक त्यानंतर निघतात, हा तिचा अनुभव. नुसतं ‘गोरज मुहूर्तावर’ छापलं, म्हणजे बिचारे चारपासूनच येऊन बसतील.

वराकडचं वऱ्हाड आदल्या दिवशीच रेल्वेने निघालं. पुष्करची बायको अनघा त्यांच्याबरोबर निघाली.

“चल ना आमच्याबरोबर,” ती म्हणाली. “मुलीचा मामा आहेस. मांडवात मुलीला तूच आणायचंस.”

“उद्या दुपारी कंपनीची बैठक आहे. ती आटपून येतो. गोरज म्हणजे सूर्यास्त. हे बघ,” त्याने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बोट ठेवलं, “सूर्यास्त सहा वाजता. साडेपाचला मी तिथे. चहा पिऊन मांडवात.”

“मग ती पिवळी साडी तरी माझ्याकडे दे.”

“ती मामाने द्यायची असते. माझ्या हाताने देणार.”

लग्नाला उभं राहताना नवरी मामाने आणलेली पिवळी साडी नेसते. पुष्करने ती येवल्याला स्वतः जाऊन, मागावर बसवून घेतली होती. तीन दिवाळ्यांची भरपाई एका साडीत करायची होती, त्यामुळे काठ जरा जास्तच रुंद झाले होते.

कंपनीची बैठक धोक्यांचं पूर्वानुमान या विषयावर होती. ती लांबली. तरी बगळा वेळेवर मिळाला. फक्त त्याच्या अरुंद पोटात वर सामान ठेवायला जागा नव्हती, म्हणून साडीची पेटी खाली, मालाबरोबर गेली.

विमान सुटलं तेव्हा पुण्यात लख्ख ऊन होतं. थोड्याच वेळात पुष्करने खिडकीतून पाहिलं, तर बाहेरचं आभाळ कोणीतरी दिव्याची कळ पिरगाळत असल्यासारखं मंद होत चाललं होतं. ढग असतील, असं त्याला वाटलं. नागपूरला चाकं टेकली तेव्हा सूर्य धावपट्टीच्या पलीकडच्या झाडांत अडकला होता.

घड्याळात साडेपाचही झाले नव्हते.

घड्याळ देशाचं असतं. सूर्य ज्याच्या त्याच्या गावचा असतो. एवढी साधी गोष्ट पुष्कर पिंपळखुटे यांच्या कॅलेंडरवर छापलेली नव्हती, कारण ते कॅलेंडर पुण्याचं होतं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेच्या गावाला सूर्य आधी उगवतो आणि आधीच मावळतो. नागपूर पुण्याच्या पूर्वेला; तेवढ्यानेच वीस मिनिटांचा फरक पडतो. त्यात नागपूर जरा उत्तरेला, आणि हिवाळ्यात उत्तरेकडे दिवस आणखी लहान. दोन्ही मिळून डिसेंबरात नागपूरचा सूर्य पुण्याच्या सूर्यापेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी घरी जातो. आणि पुष्कर त्याच्या समोरून, पूर्वेकडे, बंदुकीच्या गोळीच्या वेगाने आला होता.

सामानाच्या पट्ट्यापाशी त्याचा फोन वाजला.

“कुठे आहेस तू?” शर्वरीच्या मागे सनई आणि माणसांचा कालवा ऐकू येत होता.

“पोचलो ताई! विमानतळावर. पेटी येऊन राहिली पट्ट्यावर.” घाबरला की पुष्करची भाषा आपोआप नागपूरला जाई.

“पेटी? काहून पेटी? सूर्य बुडून राहिला, पुष्कर! गुरुजी तीनदा माइकवरून ओरडले, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं म्हणून. सगळे मागे वळून पाहतात. मुलगी आत परकर-पोलक्यावर बसली आहे तुझ्या साडीसाठी!”

“सूर्यास्त तर सहाला नं?”

“कुठे सहाला? तुझ्या पुण्यात?”

पट्टा फिरत होता. त्यावर कोणाची तरी छत्री दुसरी फेरी पूर्ण करत होती. सहाशे किलोमीटर पंधरा मिनिटांत आलेली पेटी विमानापासून पट्ट्यापर्यंतची दोनशे पावलं यायला तयार नव्हती.

“दुसरी कुठलीही पिवळी साडी नेसव तिला,” पुष्कर म्हणाला.

“मी म्हटलं तिला,” शर्वरीचा आवाज उतरला होता. “ती म्हणाली, मामा आणणार. रेल्वेनं यायचास नं तू, तेव्हा दोन दिवस आधी यायचास रे. हे बगळं कशाला आणलं मेल्यांनी?”

पेटी आली तेव्हा सूर्य गेला होता. गुरुजींच्या पंचांगाप्रमाणे गोरज म्हणजे सूर्यास्ताच्या अलीकडे-पलीकडे अर्धी घटका. तीही संपत आली होती, आणि वर्धा रोडवर वाहनांची गाठ बसली होती. फोन आता वैदेहीबाईंच्या हातात होता.

“पिंपळखुटे, आम्ही मानत नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पण हुकलेल्या मुहूर्तावर लग्न लावायला आमच्या घरचं कोणी उभं राहणार नाही. चिलीहून आल्यावर बघू.”

पेटी छातीशी धरून पुष्कर उभा राहिला. समोरच्या फलकावर सुटणाऱ्या विमानांची यादी सरकत होती. तो आला तोच बगळा दहा मिनिटांत परत निघणार होता: पुणे. त्याखाली कंपनीने जाहिरातीसाठी थेट चित्र लावलं होतं: या क्षणी पुणे. धावपट्टी, टेकड्या, आणि सगळ्यांवर सोन्यासारखं ऊन.

पुष्कर बघत राहिला. माणसाला आयुष्यात एखादी कल्पना सुचते ती बहुधा दुसरं काहीच शिल्लक राहिलेलं नसतं म्हणून.

“वैदेहीताई,” तो फोनवर म्हणाला, “पुण्यात अजून ऊन आहे.”

“मग?”

“मुहूर्त गावचा असतो नं? नागपूरचा गेला. पुण्याचा यायचाच आहे. बगळा परत निघून राहिला. सूर्यापेक्षा तो जोरात पळतो की नाही, एवढं तुम्ही सांगा.”

तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने वैदेहीबाईंना इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता.

“आपल्या अक्षांशावर पृथ्वी तासाला सोळाशे किलोमीटरच्या आत फिरते,” त्या पुटपुटल्या. “म्हणजे सावलीची कड तेवढ्या वेगाने पश्चिमेला सरकते. बगळा दोन हजारांच्या वर. शिवाय उंची. जितकं वर जाल तितकं क्षितिज खाली वाकतं. सोळा किलोमीटरवरून सूर्य जमिनीपेक्षा पाव तास जास्त दिसतो.” मग एकदम करड्या आवाजात: “ऋत्विज! बूट घाल. नाही, कोणी लपवले असतील तर अनवाणी चल!”

“पण गुरुजी?” शर्वरी मागून ओरडली.

विश्वंभर गुरुजींनी क्षणभर डोळे मिटले. शास्त्रात मुहूर्त स्थानिक सूर्यास्तावरून धरतात आणि स्थान म्हणजे वधूवर जिथे असतील ते, असा निर्णय त्यांनी दिला. गुरुजी आजवर बगळ्यात बसले नव्हते. शास्त्रार्थ लवकर आटोपला.

लॉनच्या मागच्या फाटकातून विमानतळाकडे एक कच्चा रस्ता जात होता. केटररचा टेम्पो भाजी उतरवून मोकळाच उभा होता. त्यात नवरा, नवरी, दोघांचे आईवडील, अनघा, गुरुजी आणि ज्यांनी ज्यांनी स्वतः मंगलाष्टकं रचली होती अशा सगळ्या आत्या-काकू-मावश्या चढल्या. त्यांना वगळण्याचा धोका पत्करायला कोणी तयार नव्हतं. बगळ्यात बावीस जागा रिकाम्या होत्या. पुष्कर आणि मंगलाष्टकं धरून माणसं बरोबर बावीस भरली. मुलीच्या धाकट्या काकांना पाहुण्यांकडे बघायला मागे ठेवलं.

विमानतळाच्या दारावर चेहरा ओळखणारं यंत्र होतं. त्याने बाकी सगळ्यांना सोडलं आणि मृण्मयीला अडवलं. मुंडावळ्या, नथ, हळद आणि चार तासांचं रडणं यांतून यंत्राला ती ओळखू येईना. ‘व्यक्ती जुळत नाही’, ते मराठीत म्हणालं.

“मलाही नाही जुळत,” मृण्मयी म्हणाली. “सकाळी त्या पार्लरवालीनं काय केलंय देव जाणे.”

“मुंडावळ्या वर कर, बाळा,” शर्वरी म्हणाली. यंत्राने पुन्हा पाहिलं, थोडा विचार केला आणि दार उघडलं.

पलीकडे पेटी घेऊन पुष्कर उभा होता. त्याला बोलायचं होतं. भाषण विमानातच तयार केलेलं होतं, सुरुवात अंतर आणि काळ यांच्यापासून होती.

“मामा,” मृण्मयीने हात पुढे केला, “आधी साडी.”

विमानातल्या एवढ्याशा स्वच्छतागृहात येवल्याची रुंद काठांची साडी नेसणं हा स्वतंत्र शास्त्राचा विषय आहे. अनघा आणि मृण्मयी आत गेल्या, आणि बगळा उडेपर्यंत आतून फक्त “श्वास घे”, “कोपर काढ” आणि “मामाला कोणी सांगितलं होतं एवढा काठ घ्यायला” एवढं ऐकू आलं. हवाई सुंदरीने दार ठोठावून, उड्डाणाच्या वेळी जागेवर बसावं लागेल असं सांगितलं. दोघी अर्ध्या निऱ्यांनिशी येऊन बसल्या आणि विमान वर गेल्यावर पुन्हा आत शिरल्या.

कॅप्टन सरोज बनसोड यांना सगळी हकीकत वैदेहीबाईंनी सांगितली. कॅप्टनबाई नागपूरच्याच, इंदोरा भागातल्या.

“मला मुहूर्ताचं काही कळत नाही मॅडम, आणि कळून घ्यायचंही नाही,” त्या म्हणाल्या. “पण सूर्याला गाठायचं म्हणता नं? ते आवडलं.”

नागपूर खाली अंधारात गेलं होतं. बगळ्याने नाक वर केलं. पाठीला गादीने ढकलावं तसा एक धक्का बसला, आणि आवाज मागे राहिला. बगळ्याला समोर काच नसते. केबिनच्या पुढच्या भिंतीवर मोठा पडदा असतो आणि त्यावर पुढचं दृश्य दिसतं. पडदा काळसर जांभळा होता. साडीतल्या दोघी सोडून सगळं वऱ्हाड, उरलेले प्रवासी आणि दोन हवाई सुंदऱ्या त्याकडे बघत होत्या.

मग पडद्याच्या तळाशी एक लाल रेघ उमटली. रेघ जाड झाली. तिच्या मधोमध निखाऱ्यासारखं काहीतरी फुललं, आणि पश्चिमेकडून, जिथून तो पृथ्वीच्या जन्मापासून कधी वर आला नव्हता तिथून, सूर्य उगवला.

“अगं बाई!” एक मावशी म्हणाली, आणि तिने सवयीने नमस्कार केला.

सगळं विमान टाळ्या वाजवायला लागलं. पुष्करने शर्वरीकडे पाहिलं. ती रडत होती, पण आता वेगळं.

“थांबा,” गुरुजी म्हणाले.

टाळ्या थांबल्या.

“हा सूर्योदय आहे,” गुरुजी कपाळाला आठ्या घालून म्हणाले. “गोरज सूर्यास्ताला असतो. शिवाय हा सूर्य पडद्यावरचा. चित्रातला सूर्य चालतो असं मला कुठे वाचल्याचं स्मरत नाही.”

“गुरुजी, आता?” पुष्कर जवळजवळ ओरडला.

“शास्त्र आहे.”

वैदेहीबाई उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एक तेज आलं होतं. आयुष्यभर जे मानत नाही असं म्हणत पाळलं, त्याला आज पहिल्यांदाच गणित मिळालं होतं.

“गुरुजी, सूर्य येतही नाही आणि जातही नाही. येतो-जातो ते आपण. आपण त्याच्यापेक्षा जोरात पळालो, म्हणून तो वर आला. हळू पळालो तर तो मावळेल. आणि बरोबर त्याच्याएवढ्याच वेगाने पळालो, तर जिथे आहे तिथेच राहील. टेकलेला. मावळताही नाही आणि उगवताही नाही.” त्या कॅप्टनच्या दाराकडे वळल्या. “बनसोडबाई, होईल?”

“होईल की,” बोलण्याच्या यंत्रातून आवाज आला. “आणि नाक थोडं उजवीकडे घेते. म्हणजे सूर्य डाव्या खिडक्यांत येईल. चित्रातला नको म्हणतात नं तुमचे गुरुजी?”

विमान किंचित कलंडलं. डाव्या बाजूच्या एकेका खिडकीतून लालसर सोनेरी पट्टे आत आले आणि उजव्या भिंतीवर एका ओळीत बसले. वेग उतरत गेला. खिडकीतला सूर्य आधी थबकला, मग जरासा खाली आला. क्षितिजाला त्याची खालची कड लागली, आणि तो तिथेच राहिला. भिंतीवरचे उजेडाचे पट्टे हलायचे थांबले.

“आता मावळतोय की नाही, गुरुजी?” पुष्करने विचारलं.

गुरुजींनी खिडकीला नाक लावलं. “कड बुडाली आहे,” ते हळूच म्हणाले. “गोरज लागला.” मग त्यांचा मांडवातला खणखणीत आवाज परत आला. “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!”

स्वच्छतागृहाचं दार उघडलं. मृण्मयी बाहेर आली. सगळ्या खिडक्यांतला उजेड जणू त्या साडीचीच वाट पाहत होता. काठ रुंद होते. पण त्या अरुंद वाटेत, त्या उजेडात, ते तेवढेच हवे होते असं पुष्करला वाटलं. त्याने तिचा हात धरला. शेवटच्या रांगेपासून तिसऱ्या रांगेपर्यंत ते चालत आले. यापेक्षा लांब रस्ता त्याने आयुष्यात काटला नव्हता, आणि इतक्या वेगाने तर नाहीच.

“रेल्वेनं यायला पाहिजे होतं मी,” तो तिच्या कानाशी म्हणाला. भाषणातलं एवढंच शिल्लक राहिलं होतं.

“पुढच्या वेळी ये,” मृण्मयी म्हणाली. “आता पाय नको देऊ निऱ्यांवर.”

अंतरपाट लॉनवर राहिला होता. विमानातलं पांघरूण धरलं. त्यावर मधोमध बगळा होता. गुरुजींनी पहिलं मंगलाष्टक म्हटलं. मग काकू उठल्या. मग आत्या. एरवी मांडवात दोन-तीन मंगलाष्टकं झाली की गुरुजी घड्याळ बघतात, आणि चौथ्या आत्याबाईंचा आवाज ‘सावधान’मध्ये बुडवून टाकतात, त्यातून घराघरांत वीस-वीस वर्षं चालणारी भांडणं निघाली आहेत. इथे घड्याळ बघण्याची सोयच नव्हती. सूर्य जागचा हलत नव्हता. प्रत्येकीने आपलं मंगलाष्टक पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत, फोनवर वाचून, चालीत आणि चाल सोडून म्हटलं. एकीने त्यात नवऱ्या मुलाची सर्व पदव्यांसह माहिती गुंफली होती. दर कडव्याला अक्षता उडत होत्या आणि हवाई सुंदरी “हवेच्या झरोक्यांत नको, प्लीज, झरोक्यांत नको,” असं म्हणत स्वतःही मूठभर उधळत होती.

कॅप्टन बनसोड यांनी पुण्याला कळवलं, की विमान जरा उशिरा येईल.

“कारण?” पुण्याहून विचारणा झाली.

“मंगलाष्टकं.”

“किती राहिलीत?”

“एक. मुलाच्या आईचं.”

ही बातमी विमानातही कॅप्टनबाईंखेरीज कोणाला नव्हती. वैदेहीबाई घसा खाकरून उभ्या राहिल्या. त्यांनी पदरातून कागद काढला नाही, पाठ होतं. चार ओळींत ग्रह होते, गुरुत्वाकर्षण होतं, आणि दोन पिंड एकमेकांभोवती फिरत राहतात तेव्हा कोण कोणाभोवती फिरतं हे विचारू नये, असा उपदेश होता. “मी मानत नाही,” बसता बसता त्या शर्वरीला म्हणाल्या, “पण चार महिन्यांपासून तयार करून ठेवलं होतं.”

“शुभ मंगल सावधान!”

पांघरूण खाली आलं. हार पडले. नेमक्या त्या वेळी विमान लोणारच्या वर होतं. हजारो वर्षांपूर्वी आकाशातून एक दगड इथे उतरला होता आणि त्याने सरोवर करून ठेवलं होतं. त्यानंतर या आभाळात एवढी मोठी गोष्ट घडली नव्हती, असं निदान पुष्करचं मत झालं. मग कॅप्टनबाईंनी वेग उतरवला, आणि इतका वेळ तिष्ठत ठेवलेला सूर्य, सुटलेल्या कचेरीतल्या माणसासारखा, झटकन निघून गेला.

त्या संध्याकाळने पुढे बरंच काही केलं. वर्षभरात कंपनीने ‘गोरज फेरी’ सुरू केली. पंचांगकारांनी सोळा किलोमीटर उंचीचे सूर्यास्त वेगळे छापले. मंगलाष्टकं रचणाऱ्या महिलांची संख्या तिप्पट झाली. पुष्करला लग्नाची आमंत्रणं अनोळखी लोकांकडून येऊ लागली, ‘सूर्य अडवणारे मामा’ म्हणून. तो सगळीकडे जाई. रेल्वेने, दोन दिवस आधी.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी पुण्याच्या विमानतळावर बावीस माणसं हार-तुऱ्यांसह उतरली, तेव्हा पहिला प्रश्न शर्वरीने काढला.

“आता कुठे जायचं?”

“कुठे म्हणजे? घरी,” पुष्कर म्हणाला. “माझ्या.”

“बावीस जण?”

“लिमयांकडे निम्मे पाठवू म्हणत असशील तर मी रुसेन.”

तीन वर्षांत शर्वरी भावाच्या घरी आली नव्हती. तिलाही पंधराच मिनिटं लागली असती. ती हसली, आणि तिने त्याच्या कोटावरची अक्षत टिपली. “गाद्या आहेत का तरी?”

“नाहीत,” अनघा म्हणाली. “तीन आहेत.”

“मग झालं तर.”

मग शर्वरीने नागपूरला फोन लावला. लॉनवर मुलीचे धाकटे काका सातशे पाहुण्यांपुढे एकटे पडले होते, आणि त्यांना ही आनंदाची बातमी पहिल्यांदा सांगायला हवी होती. लग्न लागलं, सूर्य थांबला, पाहुण्यांची हात जोडून क्षमा मागा, असं ती एका दमात सांगून गेली.

क्षमा कसली, काका म्हणाले. त्यांनी मंगलाष्टकांची ध्वनिफीत लावली होती. पाहुण्यांनी रिकाम्या बोहल्यावर अक्षता टाकल्या होत्या आणि ते जेवायला गेले होते. आता पहिली पंगत उठत होती. वधूवर कुठे आहेत, हे कोणीही विचारलं नव्हतं.